भुईतले धन

माझा भाचा मेलबर्नला असतो. पंधरा वर्षांपूर्वी तो तिकडे गेला, तिकडचाच झाला, आणि तिकडच्या लोकांचे छंदही त्याने उचलले. २०२५च्या मार्च महिन्यात तो रजा घेऊन आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या सामानात एक लांबट पेटी होती. शांती नगरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात ती पेटी ठेवावी कोठे हाच पहिला प्रश्न पडला. मला वाटले, पोराने बासरी किंवा सतार असे काहीतरी आणले असावे. उघडून पाहतो तो आत एक दांडी, दांडीच्या एका टोकाला थाळीएवढी चकती, दुसऱ्या टोकाला एक डबी आणि कानाला लावायची कर्णफुले.

"मामा, हे मेटल डिटेक्टर," तो म्हणाला. "याने जमिनीतले सोने सापडते."

आमच्या सौभाग्यवतींनी चहाचा पेला त्याच्या हाती देता देता विचारले, "मग तुला किती सापडले रे?"

"तीन वर्षांत दोन ग्रॅम," तो म्हणाला, आणि आम्ही तिघेही हसलो.

पण त्याचे म्हणणे सर्वस्वी पोकळ नव्हते. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया प्रांतात आहे तेथे १८५१ साली सोने लागले आणि जगभरची माणसे कुदळ-फावडी घेऊन तिकडे धावली. खाणी ओस पडल्या, वस्त्या विरल्या, तरी मातीत सोन्याचे खडे राहून गेलेच. १९८० साली किंगोवर नावाच्या खेड्याजवळ एका माणसाला असल्याच यंत्राने सत्तावीस किलोंहून जड असा सोन्याचा एकच एक गोळा सापडला. तोही जमिनीखाली अवघ्या काही इंचांवर. तेव्हापासून तिकडचे कारकून, मास्तर, पेन्शनर रविवारी पाठीला पाण्याची बाटली लावून रानात जातात आणि संध्याकाळी गंजलेले खिळे घेऊन परततात. आपल्याकडे मासे धरायला गळ टाकून बसणारे असतात ना, त्यातलाच हा प्रकार.

मी पडलो इतिहासाचा जुना मास्तर. त्या यंत्राचे कूळमूळ शोधल्यावाचून मला चैन पडेना. मौज अशी की ज्या यंत्राने आज लोक धन शोधतात त्याचा जन्म धनासाठी झालेला नाही. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी अंगात कोठे रुतली आहे हे डॉक्टरांना समजेना. तेव्हा टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने विजेच्या वेटोळ्यांचे एक साधन जुळवले आणि रोग्याच्या अंगावरून फिरवले. गोळी काही सापडली नाही. बिछान्यातील लोखंडी स्प्रिंगांनी यंत्राचा घोटाळा केला असे पुढे सांगितले गेले. सप्टेंबरात अध्यक्ष वारले. पुढे दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने भूसुरुंग हुडकण्यासाठी हातात धरून चालवता येईल असे यंत्र तयार केले. १९४२ साली अल अलामेनच्या वाळवंटात अशी शेकडो यंत्रे सैनिकांच्या पुढे चालली. म्हणजे पहिला प्रयत्न एक जीव वाचवण्याचा आणि दुसरा हजारो जीव वाचवण्याचा. सोन्याची हाव त्याला मागाहून चिकटली.

त्याची करामतही फार गहन नाही. चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून विजेचा उलटसुलट प्रवाह वाहतो, त्याने भोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते. ते क्षेत्र जमिनीतल्या धातूला भिडले की धातूतही विजेचे इवलेसे भोवरे उठतात आणि दुसरे वेटोळे त्यांची चाहूल घेऊन कानात सूर काढते. प्रत्येक धातूचा सूर निराळा. पण येथेच गोम आहे. बारीकसारीक सोन्याचा आणि ॲल्युमिनियमच्या कागदाचा सूर जवळजवळ एकच! अंगठीचा आवाज आला म्हणून उकरावे तर सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद निघतो. शिवाय आपली सह्याद्रीची काळी कातळभूमी लोहखनिजाने भरलेली. तिच्यावर यंत्र उगाच बडबडते. समुद्राची ओली वाळू खारेपणाने त्याला चकवते. एकटेदुकटे नाणे वीतभर, फार तर फूटभर खोल असेल तर कळायचे. त्याखाली यंत्र आणि आपण सारखेच आंधळे.

पहिल्या रविवारी आम्ही भाईंदरहून बस धरून उत्तनच्या किनाऱ्यावर गेलो. भाच्याने कर्णफुले चढवली आणि नांगर धरावा तशी दांडी धरून तो ओहोटीच्या वाळूत चालू लागला. मी मागे खुरपे घेऊन. दोन तासांची कमाई सांगतो : बाटल्यांची सात बुचे, औषधी गोळ्यांची दोन रिकामी पाने, एक खिळा, एक घासून गुळगुळीत झालेले नाणे आणि शिशाचे तीन मणी. मण्यांचे कोडे मला उलगडेना. जवळच मासळी वाळत घालणाऱ्या एका कोळणीने ते ओळखले. मासेमारीच्या जाळ्याला बुडी यावी म्हणून ओवतात ते शिसे ते. तिने हात पुढे केला, आम्ही मणी तिच्या हातावर ठेवले. तिला त्याचा उपयोग होता. सबंध दिवसात आमच्या हातून झालेला तेवढाच काय तो फायद्याचा व्यवहार!

परतताना भाच्याने दूर टेकाडाकडे बोट केले. "तिकडे किल्ला आहे ना? उद्या तिकडे जाऊ."

धारावीचा किल्ला तो. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत या धारावी बेटासाठी मराठ्यांनी आणि पोर्तुगिजांनी किती रक्त सांडले हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. १७३९च्या मार्चमध्ये बेट मराठ्यांच्या हाती आले आणि मे महिन्यात वसई पडली. तेथे गोळे असतील, काडतुसांच्या गोळ्या असतील, कोणा शिपायाच्या कमरेची नाणीही असतील.

"नाही," मी म्हणालो. "तिकडे हे यंत्र घेऊन जायचे नाही."

"का, मामा?"

त्याला उत्तर देण्यासाठी मला फार मागे जावे लागले. त्यातले काही त्याला सांगितले, सगळे सांगितले नाही. ते येथे सांगतो.

जमिनीत पुरलेल्या धनाचे वेड आपल्याला यंत्राने लावलेले नाही. लहानपणी ज्याने आजीच्या तोंडून हंड्याची गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. तो हंडा रात्री जमिनीखालून सरकतो, त्याच्या कड्या वाजतात, त्याच्यावर नाग बसलेला असतो. पायाकडून जन्मलेला मूल म्हणजे पायाळू. त्याच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला भुईतले धन दिसते. आजचे यंत्र हा एका अर्थी तो पायाळूच. पण या गोष्टींना एक काळीकुट्ट बाजूही आहे. हंडा 'मागतो', म्हणजे बळी मागतो, असे मानणारी माणसे या महाराष्ट्रात होती. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात कोवळ्या मुलींचे आणि बायकांचे जे खून झाले त्यांच्या मुळाशी गुप्तधनाचा आणि संततीचा हव्यास होता असे खटल्यात पुढे आले. २०१३ साली आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात गुप्तधनाच्या नावाने चालणाऱ्या अघोरी प्रकारांची दखल घ्यावी लागली, हे विसरता येत नाही. त्या मानाने भाच्याचे यंत्र फारच सोज्ज्वळ. त्याला फक्त बॅटरी लागते.

याच सुमारास एक दिवस वर्तमानपत्रात बातमी आली. ती वाचून मी भाच्याला हाक मारली. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी गावकरी रात्रीच्या रात्री बॅटऱ्या, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेते उकरीत होते. झाले होते असे की, संभाजीमहाराजांवरचा 'छावा' हा चित्रपट फेब्रुवारीत लागला. त्यात बऱ्हाणपूरच्या मोगली खजिन्याचा प्रसंग आहे. त्यातच महामार्गाच्या कामाची खणलेली माती एका शेतात आणून टाकली होती आणि तीत मजुरांना नाणी मिळाली असा बोलवा उठला. झाले! शेकडो माणसे लोटली, शेतात खड्डेच खड्डे पडले. अखेर पोलीस आणि सरकारी अंमलदार यांना धावून जावे लागले.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी आपल्याला परके नाही. जळगावचा माणूस तिकडे सोयरिकी करतो. खानदेशाची ती एके काळची राजधानी. सुरतेहून आग्र्याकडे जाणारा व्यापार याच वाटेने चाले. येथे मोगलांची टांकसाळ होती. दक्षिणेच्या सुभ्याचे हे ठाणे. १६८१च्या जानेवारीच्या अखेरीस हंबीरराव मोहित्यांच्या हाताखाली मराठी फौज अचानक येऊन थडकली आणि बऱ्हाणपूरचा बहादूरपुरा हा संपन्न पुरा तीन दिवस लुटला. सुभेदार खानजहान त्या वेळी शहरात नव्हता. तो परतेतो मराठे लूट घेऊन साल्हेरच्या वाटेला लागले होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरास उतरला तो पुन्हा उत्तरेस परत गेला नाही.

आता वाचकांनी क्षणभर विचार करावा. लुटलेले सोने ज्यांनी लुटले ते घेऊन गेले. ते गेले म्हणूनच तिला लूट म्हणायचे. मग ते लुटल्या गेलेल्या गावाच्या कुशीत, तेही सहा-सात कोस उत्तरेला असीरगडाच्या शेतात कसे राहील? पण हव्यासाला भूगोलही कळत नाही आणि कालक्रमही कळत नाही. त्या मातीत नाणी मिळाली असतील तर ती खजिन्याची नव्हेत. जेथे टांकसाळ होती, छावण्या पडत, कारवाने मुक्काम करीत, तेथे माणसांच्या कनवटीची नाणी सांडलेली असणारच. अशा सुट्या नाण्यांवरून अभ्यासकाला जुना रस्ता सापडतो, छावणीची जागा सापडते. पण कोणते नाणे कोठे, किती खोल, कशाच्या शेजारी पडले होते हे ठाऊक असेल तरच. चाळणीतून निघून सोनाराकडे गेलेल्या नाण्याला फक्त वजन उरते.

भाच्याने बातमी वाचली आणि म्हणाला, "म्हणजे मुंबईकडे कधी सोने सापडलेच नाही?"

सापडले तर! मुंबईत एकदा सोने आभाळातून पडले होते. १४ एप्रिल १९४४ चा दिवस. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचे जहाज लागले होते. फेब्रुवारीत ते इंग्लंडातील बर्कनहेडहून निघाले आणि कराचीवरून मुंबईस आले. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपे, इमारती लाकूड, आणि या सगळ्यांच्या जोडीला ३१ पेट्यांत मिळून सोन्याच्या १२४ विटा! कापूस, तेल आणि दारूगोळा ही सोयरीक ज्यांनी जुळवली त्यांच्या अकलेची धन्य. दुपारी धूर दिसला. बंबवाले धावले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. आसपासची जहाजे फुटली, बुडाली. गोदीलगतच्या वस्त्या दिवसेंदिवस जळत राहिल्या. सातशेहून अधिक माणसे गेली. ती संख्या त्याहून पुष्कळ मोठी होती असेही सांगतात. आग विझवायला गेलेल्यांपैकी ६६ जण परत आले नाहीत.

आणि सोने? ते उडाले. एक वीट सुमारे मैलभर दूर राहणाऱ्या एका पारशी गृहस्थांच्या घराचे छप्पर फोडून आत येऊन पडली. त्यांनी ती सरकारजमा केली. पुढे बरेचसे सोने परत मिळाले. पुढची कित्येक वर्षे गोदीतला गाळ उपसताना अधूनमधून विटा निघत राहिल्या. अगदी २०११ सालीही सोने निघाल्याच्या बातम्या आल्या. ते सोने कोणा हौशी शोधकाला सापडले नाही. रोजचे काम रोज करणाऱ्या गाळ काढणाऱ्यांना सापडले.

ही हकीकत मी वर्गात पुष्कळदा सांगितली आहे. सांगून झाल्यावर मुले नेमका एकच प्रश्न विचारीत : "सर, अजून किती विटा राहिल्या?" मेलेल्या माणसांबद्दल क्वचितच कोणी विचारी. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्या ६६ जणांसाठी, हे सांगितले की वर्ग गप्प होई. मुलांना मी दोष देत नाही. सोने म्हटले की आपल्या सगळ्यांचीच नजर माणसावरून उडून विटेवर बसते. माझी स्वतःचीही बसली होती. तीच गोष्ट आता सांगायची आहे.

आमचे मूळ गाव नाशिक जिल्ह्यात, गोदावरीच्या काठाला. १९६१ साली मी नऊ वर्षांचा होतो. मळ्यात नवी विहीर पाडायला घेतली होती. पुरुषभर खोल गेल्यावर बाजूच्या पांढऱ्या मातीत एकाच्या कुदळीने मडके फोडले. आत चांदीची नाणी होती, हिरवट काळपट, एकमेकांना चिकटलेली. माझ्या वडिलांनी आणि काकांनी खणणाऱ्या गड्यांना दोन-दोन रुपये देऊन घरी धाडले आणि मडके घोंगडीत गुंडाळून घरात आणले. रात्री कंदिलाच्या उजेडात ओसरीवर ती नाणी ओतलेली मला आठवतात. दारे लावून घेतली होती. आजीने आधी त्यांच्यावर हळदकुंकू वाहिले, मग वाटे पडले. मी एक नाणे उचलून चिंचेने घासले. चवलीएवढे बारीक. एका बाजूला लांब नाकाच्या माणसाचे डोके, दुसऱ्या बाजूला बाणासारखे काहीतरी. काही नाण्यांवर त्या माणसाच्या तोंडावरच दुसरा ठसा उमटवलेला होता, तीन कमानींच्या डोंगरासारखा. मी काकांना विचारले, "याचे तोंड असे का केले?" काका म्हणाले, "झोप आता."

चार दिवसांनी तालुक्याच्या गावचा सोनार येऊन गेला. नाण्यांचा रस झाला. त्याची भांडी झाली, आणि काकूंच्या पायांत तोडे आले. मला एकही नाणे मिळाले नाही. मी हट्टही धरला नाही, कारण मला जत्रेत चांदीच्या मुठीची छडी कबूल झाली होती.

पुढे कॉलेजात प्राचीन भारताचा इतिहास शिकताना जोगलटेंभीचे नाव आले आणि मला घाम फुटला. गोदाकाठच्या या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला होता. १३,२५० हून अधिक नाणी. सगळी क्षहरात वंशाच्या नहपान राजाची. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला असे ती माता त्यात सांगते. आईने मुलाची स्तुती केली तर ती इतिहासाने किती खरी मानावी? पण जोगलटेंभीच्या मातीने साक्ष दिली. जिंकलेल्या राजाने हरलेल्या राजाच्या तोंडावर आपली मुद्रा उमटवली, तीही हजारो वेळा. ती नाणी मोजली गेली, नोंदली गेली. किती ठशांची, किती बिनठशांची हे लिहिले गेले, म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासातला एक मोठा विजय पक्का झाला.

आमच्या मडक्यातली नाणी तीच होती का? पुष्कळ वर्षांनी अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेच्या संग्रहालयात काचेमागे नहपानाचे नाणे पाहिले तेव्हा माझे पाय लटपटले. ते लांब नाक मला ओळखीचे वाटले. पण नऊ वर्षांच्या पोराची कंदिलाच्या उजेडातली आठवण म्हणजे पुरावा नव्हे. किती नाणी होती? ठशांची किती? मडके कोणत्या घाटाचे? पांढऱ्या मातीत शेजारी आणखी काय होते? जुन्या वस्तीची ती पांढरी असेल तर तेथे एक सबंध गाव झोपले असेल. विहीर पुरी झाली, तिला पाणी लागले, उसाचे मळे झाले. आमच्या घरातला एकही माणूस चोर नव्हता. एकादशीला पाणीही न पिणारी माणसे ती. पण त्या रात्री आम्ही कोणाचे तरी बोलणे मध्येच तोडले, हे मात्र खरे.

कायद्याने आम्हाला काही बुडवले नसते, हे मागाहून समजले तेव्हा आणखीच वाईट वाटले. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आजही चालू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टराला लेखी कळवायचे. शंभर वर्षांच्या आतले असेल आणि पुरणाऱ्याचा वारस पुढे आला तर गोष्ट निराळी. धन बेवारस ठरले तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारला ते ठेवून घ्यायचे असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घ्यावे. न कळवले तर मात्र हक्क गेला आणि वर शिक्षा. मालक आणि सापडणारे जर आम्हीच, तर आमचे काय जाणार होते? आणि आम्ही जर मालकच, तर तीन हिस्से त्या कुदळ मारणाऱ्या गड्याचे होते, ज्याची आम्ही दोन रुपयांत बोळवण केली! दारे लावून घेतली ती बहुधा याचसाठी. आता तोंडाने कबूल करतो, एवढेच.

उलट उदाहरण दायमाबादचे. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला चार धातुमूर्ती मिळाल्या : हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैल जोडलेला रथ हाकणारा माणूस. सगळ्या मिळून साठ किलोंहून अधिक ब्राँझ. भंगारात गेले असते तर दोन-चार दिवसांची चैन झाली असती. त्या वाचल्या आणि आज त्यांची चित्रे जगभरच्या पुस्तकांत आहेत. पण तेथेही एक हळहळ राहिलीच. मूर्ती शास्त्रीय उत्खननात निघाल्या नव्हत्या. म्हणून त्या कोणत्या थरातल्या, कोणत्या काळातल्या यावर पंडितांत वाद झाला. १९७५ ते १९७९ या काळात सालींनी तेथे उत्खनन करून त्या उत्तर-हडप्पा काळातल्या ठरवल्या, तर काहींनी धातूच्या घटकांवरून शंका काढली. मूर्ती हाती असूनही ही गत. मग ज्यांचा रसच झाला त्यांची काय कथा!

हे ऐकून भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण मामा, इंग्लंडमध्ये तर या यंत्रवाल्यांनीच केवढे शोध लावले आहेत."

खरे आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. तेथे १९९६ साली कायदा नवा केला. पुढच्याच वर्षी हौशी लोकांनी सापडलेल्या वस्तू नोंदवाव्यात अशी योजना सुरू झाली. २००९ साली स्टॅफर्डशर परगण्यात एका बेकार गृहस्थाला शेतात सातव्या शतकातले सोने लागले. त्याने अंमलदारांना कळवले, पुराणवस्तूवाले आले, शेत शास्त्रशुद्ध खणले आणि हजारो वस्तू निघाल्या. त्याला आणि शेतमालकाला मिळून सुमारे ३३ लाख पौंड मिळाले. तेव्हा दोष यंत्राचा नाही. यंत्राने आवाज दिल्यानंतर माणूस काय करतो यावर सारे आहे. आपल्याकडे १९५८चा केंद्राचा आणि १९६०चा महाराष्ट्राचा कायदा संरक्षित स्थळी परवान्यावाचून खणू देत नाही. पण शेकडो जुन्या पांढरी, गढ्या, बेवारस टेकाडे कोणत्याच यादीत नाहीत. तेथे राखण करायला कायदा नाही, फक्त माणसाची बुद्धी आहे.

नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक मोठी घंटा टांगलेली आहे. वसईच्या विजयाची खूण म्हणून ती मिरवत आणली असे सांगतात. तीही लूटच. पण ती कोणी वितळवली नाही. म्हणून आज पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी कोणीही तिच्याखाली उभा राहून विचारू शकतो, ही येथे कशी आली? लुटीलासुद्धा जशीच्या तशी ठेवले तर तिला तोंड राहते.

धारावीच्या किल्ल्यावर आम्ही गेलो, पण यंत्र घरी ठेवून. भाच्याने हात खिशात घालून तट पाहिला, समुद्र पाहिला. उतरताना त्याने विचारले, "काकूआजीचे ते तोडे आहेत अजून?"

एक आहे. काकू गेल्यावर वाटणीत आमच्याकडे आला. घरी आल्यावर मी तो कपाटातून काढला. भाच्याने जमिनीवर ठेवून त्याच्यावरून चकती फिरवली. यंत्राने लगेच, स्वच्छ, उंच आवाज दिला आणि डबीवर चांदीचा आकडा आला. आम्ही दोघे त्या तोड्याकडे पाहत राहिलो. त्याच्यावर वेलबुट्टी आहे, सोनाराने चांगली काढली आहे.

भाचा परत गेला त्या रात्री मी वही घेऊन बसलो आणि आठवते तेवढे सगळे लिहून काढले. गावाचे नाव, मळ्याचा गट, विहीर नदीपासून किती पावलांवर, किती खोलीवर मडके लागले, त्याचा तांबूस रंग, नाण्यांचा आकार, नाक, बाण, तीन कमानींचा डोंगर, आणि त्या दोघा गड्यांची नावे. चार पाने झाली. ती पाने मी एका नाणेसंशोधकांकडे पाठवून दिली. त्यांचे पत्र आले की विहिरीच्या आसपास अजून पांढरी माती दिसते का, ते पाहण्यासाठी यायचे आहे. दिवाळीनंतर जायचे ठरले आहे. मळा आता दुसऱ्याच्या मालकीचा आहे. त्यांना मी निरोप पाठवला आहे, की तोपर्यंत तेथे कुदळ लावू नका.